मळ्यातला पक्षी-निवारा : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

जखमी पक्ष्यांसाठीच्या मोठ्या पिंजऱ्याची शेवटची बाजू आज बंद झाली. ४० फूट लांब, १२ रुंद, १२ उंच. सांगाडा जीआय पाइपचा, आतून बांबूच्या उभ्या कामट्या, दोन कामट्यांत बोटभर फट. वेल्डर शेवटपर्यंत म्हणत होता, "ताई, कोंबडीजाळी मारी टाका, निम्मा पैसामा व्हई जाई." झालं असतं. पण घार जाळीला लटकते, पंख आपटते, पिसं जाळीत अडकून मोडतात. मोडक्या पिसांची घार सोडता येत नाही, मग तिचा मुक्काम वाढतो आणि मुक्काम वाढला की पंजे बिघडतात. उभ्या कामटीवर पंजा टिकत नाही, पक्षी आपसूक बैठकीवर परत जातो.

बाहेरून खालचे दोन फूट बारीक जाळी, ती एक फूट जमिनीत गाडलेली. मुंगूस, मांजर आणि साप, तिघांसाठी. केळीच्या मळ्यात उंदीर मुबलक, त्यामुळे धामण इथली कायमची रहिवासी.

दारं दोन. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. ही पाटी आप्पांनी स्वतः रंगवली. "पयलं लाव, मंग दुसरं उघाड." शुद्धलेखनावर कोणी बोलायचं नाही, जागा त्यांची आहे.

११ जानेवारी

संक्रांतीची तयारी. केळी निर्यातीच्या पॅकहाऊसमधून रिकामे खोके आणले. या खोक्यांना हवेची भोकं आधीच पाडलेली असतात, पुठ्ठा जाड असतो, घार पंख मिटून बरोबर मावते. शहरातल्या संस्था यासाठी वेगळे डबे विकत घेतात. आम्हाला चोपड्यात ते फुकट मिळतात, खानदेशात राहण्याचा एवढा तरी फायदा. तळाला जुनं सुती कापड, टॉवेल नको. टॉवेलच्या दोऱ्यात नखं अडकतात.

गावोगावच्या पोरांना मजकूर पाठवला. तोच इथे उतरवून ठेवते, दरवर्षी नव्याने लिहायला नको :

पक्ष्यावर जाड कापड टाकून उचला. खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधार करा. मांजा अंगात रुतला असेल तर ओढू नका, दोन्हीकडे वीतभर ठेवून कापा. हळद भरू नका. पाणी पाजू नका. फोटो काढत बसू नका. फोन करा, आमचा लागला नाही तर वन विभागाचा १९२६.

पाणी पाजू नका, हे लोकांना सगळ्यात जड जातं. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं आपल्या रक्तात आहे. पण पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते. चोचीत वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं, आणि मांजातून वाचलेला पक्षी पाण्याने मरतो. हळदीचं दुखणं वेगळं. ती जखमेवर अशी बसते की खालचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटलाय की शाबूत आहे हे डॉक्टरांना धुतल्याशिवाय कळत नाही, आणि धुण्यात अर्धा तास जातो.

१५ जानेवारी, संक्रांत

लिहायला वेळ नाही. घारी, पारवे, एक शराटी, गायबगळे. सगळं नायलॉन. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. दुकानात आता तो मिळत नाही, दुकानाच्या मागे मिळतो.

१७ जानेवारी

टेबलावरून उठून प्रथमच निवांत बसले.

घारींच्या जखमा जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा ताणलेला पडदा असतो. उडताना वारा पहिल्यांदा तिथे लागतो, तसा मांजाही तिथेच. पडद्याच्या कडेतून एक बारीक कंडरा जातो. डॉक्टर पडदा दोन बोटांत धरून बॅटरीच्या उजेडासमोर ताणतात. उजेडात कातडी लालसर दिसते, शिरा दिसतात, आणि कंडरा शाबूत असेल तर कडेने एक पांढरी रेघ सलग दिसते. रेघ मध्येच संपली की डॉक्टर काही बोलत नाहीत, फक्त पंख हळूच मिटवून ठेवतात. आम्हाला कळतं.

सुती दोऱ्याने कापलेलं आणि नायलॉनने कापलेलं यात फरक आहे. सुती मांजा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही. पक्षी फडफडतो, दोरा करवतीसारखा पुढे-मागे होतो आणि हाडापर्यंत जातो.

वेदनेला मेलॉक्सिकॅम. तालुक्यातून मदतीला आलेल्या एका गृहस्थाने पिशवीतून गुरांसाठीचं उरलेलं दुसरंच इंजेक्शन काढलं, "हेपण दुखण्याचंच आहे" म्हणून. बाटली बाजूला ठेवली आणि कारण सांगितलं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन या देशातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन जवळजवळ संपली. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर यायला २०२३ उजाडलं. गिधाडांच्या बाबतीत मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरलं, म्हणून शिकारी पक्ष्यांना आम्ही तेच देतो. गृहस्थांनी मन लावून ऐकलं, मग विचारलं, "म्हणून आमच्याकडे आता गिधाडं नाहीत का?" म्हणूनच.

वन विभागाला यादी दिली. वन्यजीव कायद्याने जंगली पक्षी सरकारची मालमत्ता. हातात आला की ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. आम्ही फक्त सांभाळणारे. परवानगीचा कागद भिंतीवर लावलेला आहे, कारण पाहुणे पहिला प्रश्न "हे कायदेशीर आहे का" असा विचारतात आणि दुसरा "एक पोपट मिळेल का" असा.

२४ जानेवारी

तुटक्या कंडऱ्याच्या दोन घारींचा निर्णय झाला. टाके घातले होते, पण पंख अर्ध्यावरच उघडतो. डॉक्टर आणि वनपाल दोघांसमोर पंचनामा करून त्यांना झोपवलं.

यावर गटात वाद झाला. "पिंजऱ्यात राहू द्या की, खाऊन पिऊन जगतील." जगतील, वीस वर्षंही जगतील. पण दिवसभर आभाळात तरंगणाऱ्या जिवाला बारा फूट उंचीखाली बसवून ठेवायचं, ते कोणासाठी? माझं मत पक्कं आहे आणि ते बदलायला मला कोणी अजून कारण दिलेलं नाही. आप्पा माळकरी. ते तेवढा वेळ मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी धरायला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "माय, खड्डा मी खंदी ठेयेल शे."

६ फेब्रुवारी

पिसं जोडण्याचं काम. एका घारीची जखम भरली, पण उजव्या पंखाची बाहेरची चार पिसं मांजाने मधोमध कापलेली. कापलेलं पीस वाढत नाही, पुढची पीसझड होईपर्यंत तसंच राहतं. तोवर ती इथे बसली तर उन्हाळा जाईल. शिवाय घारींचा विणीचा हंगाम चालू आहे, हिचा जोडीदार बहुधा पडक्या टाकीशेजारच्या निंबावर घरट्यात एकटा असेल.

म्हणून मेलेल्या घारींची पिसं. पंखागणिक, क्रमांकागणिक पाकिटात ठेवलेली असतात आणि प्रत्येक पाकिटाची नोंद वन विभागाच्या रजिस्टरला आहे. चौथ्या पिसाच्या जागी चौथंच लागतं, तिसरं चालत नाही. रुंदी आणि बाक वेगळा. डॉक्टरांनी भूल हलकी दिली. पिसाचा देठ आतून पोकळ असतो. जुन्या देठात बांबूची घासून बारीक केलेली काडी अर्धी घालायची, उरलेल्या अर्ध्यावर नवं पीस सरकवायचं, आधी कोरडं बसवून दिशा पाहायची, मग डिंक. खाली पुठ्ठ्याचा तुकडा, नाहीतर डिंकाचा थेंब शेजारच्या पिसाला लागतो आणि दोन पिसं कायमची एक होतात. काड्या आप्पांच्या, बांबू सातपुड्यातला. निवाऱ्यात सगळ्यात बारीक काम हेच, आणि ते करताना कोणाचा फोन वाजला की मला राग अनावर होतो. वाजलाच.

१४ फेब्रुवारी

जोडलेल्या पिसांची घार सोडली. सकाळी, ऊन तापून हवा वर चढायला लागल्यावर. टाकीजवळच, जिथून आणली तिथेच. दोन घिरट्या घातल्या, एक कावळा मागे लागला, दोघं पलीकडे गेले. निंबावरचं घरटं दुर्बिणीतून पाहिलं, एक घार बसलेली होती. ही की तिचा जोडीदार, सांगता येत नाही.

२० फेब्रुवारी

धरणगावच्या बाजूने फोन : शाळेच्या आवारात कावळे मरून पडलेत, आणून देऊ का? नाही. हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, पशुसंवर्धन विभागाला कळवा. मीही कळवलं.

लोकांना वाटतं आम्ही उगीच घाबरवतो. पण देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. ज्यांचा त्यात धंदा बुडाला त्यांची घरं माझ्या माहेरच्या नात्यात आहेत. एकाच जागी एकापेक्षा जास्त पक्षी मेले की ती आमची केस नाही, ती सरकारी पशुवैद्यकाची. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात, तोवर कोणी वीरपणा करायचा नाही.

आमच्याकडचे नियम यानिमित्ताने पुन्हा वाचून दाखवले. पाणपक्षी आणि कावळे वेगळ्या खोलीत. तिथली चप्पल तिथेच. ज्याच्या घरी कोंबड्या आहेत त्याने त्या खोलीत जायचं नाही. यावरून दोन पोरं नाराज.

(२७ तारखेला कळलं : कावळ्यांनी विषारी आमिष खाल्लेलं होतं, कोणीतरी कुत्र्यांसाठी टाकलेलं.)

३ मार्च

कापसाच्या जिनिंगमधली घुबडं. हंगाम संपत आला, साफसफाई सुरू झाली आणि पत्र्याच्या आढ्याखाली गव्हाणी घुबडाची पिल्लं सापडली. मजुरांनी दोन दिवस त्या बाजूला जाणं सोडलं होतं, कारण आतून सापाच्या फूत्कारासारखा आवाज. पिल्लांचाच तो. भूक लागली तरी फूस, भीती वाटली तरी फूस.

शेठ म्हणाले, "घेऊन जा, अपशकुन नको." बायकांपैकी एक म्हणाली लक्ष्मीचं वाहन आहे, एक म्हणाली मरणाची खबर आणतं. मी शिडीवर चढून पाहिलं. पाच पिल्लं, पाच मापांची; सगळ्यात मोठं तोंडावर पिसं फुटलेलं, सगळ्यात लहान नुसता पांढरा कापूस. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवते, म्हणून अशी पायरी पडते. खाली जमिनीवर ओकलेल्या गोळ्यांचा ढीग. एक गोळी पाण्यात भिजवून शेठच्या टेबलावर फोडली. केसांच्या लगद्यातून उंदराच्या कवट्या निघाल्या, दातांसकट. शेठ चष्मा लावून मोजू लागले. सरकीच्या गोदामात उंदीर काय नुकसान करतात हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

पिल्लं नेली नाहीत. नेली असती तर महिना-दोन महिने रोज रात्री उंदीर पुरवावे लागले असते. त्याऐवजी प्लायवूडची पेटी, त्याच आढ्याला, जुन्या जागेपासून हातभर अंतरावर. पिल्लं उचलून पेटीत. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. ही समजूत कोणी काढली कोण जाणे, पण तिने फार पिल्लं अनाथ केली आहेत. रात्री पहारेकऱ्याला फोन केला. नर उंदीर घेऊन दोनदा येऊन गेला.

२८ मार्च

वन विभागाने जप्त केलेले पोपट आले. तारेच्या पिंजऱ्यात कोंबलेली पिल्लं, आठवडी बाजारात विकायला निघालेली. यांचा खटला चालेल, त्यामुळे पोपट हे मुद्देमालही आहेत. प्रत्येकाची नोंद, फोटो, वजन.

यापेक्षा अवघड पोपट वेगळे : "आम्ही बाहेरगावी चाललो, तुम्ही ठेवा" म्हणून येणारे घरचे मिठू. पोपट पाळणं गुन्हा आहे हे त्यांना खरंच माहीत नसतं. चौदा वर्षं हरभऱ्याची डाळ आणि मिरचीवर काढलेला एक आला. मिरचीने त्याला काही होत नाही, पक्ष्यांना तिखट लागतच नाही; पण हिरवा पाला, फळं, ऊन यांची तोंडओळखही नाही. पिसं निस्तेज, वरची चोच वाढून खाली वळलेली. त्याला जंगली पोपटांच्या खोलीत सोडलं तर तो कोपऱ्यात बसून "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो. आप्पा खूश. मी नाही. हा उडणार नाही, आणि त्याचं बोलणं ऐकून जप्तीतली पिल्लं माणसाच्या आवाजाला सरावतील. त्याची सोय वनविभागामार्फत दुसरीकडे. तोवर आप्पांच्या ओसरीवर, पिल्लांपासून लांब.

पिल्लांना भरवताना बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांसाठी. आप्पा म्हणतात मग मी भजन मनात म्हणतो.

१९ एप्रिल

वनरक्षकांचा फोन. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्याजवळ मोटारसायकलला धडकलेलं छोटं घुबड. "मॅडम, रानपिंगळा वाटतो." बाकीची कामं थांबली.

रानपिंगळा हा आमच्या भागाचा मान. १८८४ नंतर तो कोणालाही खात्रीने सापडला नव्हता, संपला असंच धरलं गेलं होतं. १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहात होता, पण तो ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी दुसऱ्याचा जुना नमुना चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला तो शहाद्याजवळ. पुढे यावल अभयारण्यातूनही नोंदी आल्या. तेव्हा फोन आला की छाती धडधडते, यात नवल नाही.

खोका उघडला. डोकं पाहायचं पहिल्यांदा. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि वरून जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर जाड आडवे पट्टे, पायावर बोटांपर्यंत पांढरी दाट पिसं. याच्या डोक्यावर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरल्यासारखे. साधा पिंगळा. वनरक्षकांचा चेहरा पडला. पिंगळ्याने मात्र एक डोळा मिटून दुसऱ्याने आम्हा सगळ्यांकडे रागाने पाहिलं, त्याला आपल्या साधेपणाचं काही वाटत नव्हतं.

उपचार दोघांना सारखेच. मेंदूला हादरा, उजवी बाहुली मोठी. अंधार, शांतता, पहिल्या रात्री खाणं नाही. दुसऱ्या रात्री अख्खा उंदीर. नुसतं चिकनचं मांस घुबडाला द्यायचं नसतं. हाडं आणि केस पोटात गेले नाहीत तर कॅल्शियम कमी पडतं आणि गोळीही बाहेर येत नाही.

(२६ एप्रिल : गोळी नीट, बाहुल्या सारख्या, अंधारात बिनआवाज उडतो. त्याच पाड्याजवळ तिन्हीसांजेला सोडला. पाड्यावरची मंडळी बघायला जमली होती. एका आजीने सांगितलं, त्याची जोडीदारीण रोज त्याच महूवरून हाका मारते.)

१० मे, आखाजी (अक्षय तृतीया)

पोरी झोक्यावर, गल्लीत गाणी, घराघरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. माझं माहेर वीस किलोमीटरवर आणि मी इथे बर्फ फोडतेय.

उन्हाने पडणारे पक्षी सुरू झाले. अंगणातला तापमापक दुपारी ४४ च्या वर. पक्ष्यांना घाम नसतो. चोच उघडी टाकून धापणं आणि गळा थरथरवणं एवढाच त्यांचा कूलर. अंगातलं पाणी त्यातच उडून जातं. साळुंख्या, पारवे, घारीची पिल्लं, घरट्यातून उडी टाकलेले तांबट. लोक बादलीत बुडवून आणतात, तेही नको. सावली, पायांना ओलं कापड, आणि शुद्धीवर आल्यावर नळीने थेट अन्नपिशवीत कोमट क्षाराचं पाणी, वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याला पाच मिली. नळी घालणं मी आणि डॉक्टर सोडून कोणी करत नाही.

फ्रिजचं भांडण मिटलं. आप्पांच्या घरात मांस येणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, म्हणून जुना फ्रिज मोटारीच्या खोलीत. पण शेतीची लाइन आठ तास, बाकी वेळ अंधार, आणि मे महिन्यात उंदीर सहा तासांत वास मारतात. काल आप्पांनी स्वतः घरच्या मीटरवरून वायर ओढून दिली. "वायर मन्ही, मांस तुमनं."

२७ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. गोणपाटाचे पडदे दर तासाला भिजवतो, फवारणीच्या पंपाने छपरावर पाणी. मोठ्या पिंजऱ्यावर शेडनेटचा दुसरा थर, मध्ये हातभर पोकळी; पोकळी ठेवली नाही तर दुसऱ्या थराचा उपयोग नाही.

गावात परळ (पक्ष्यांना पाणी ठेवायची उथळ भांडी) वाटण्याची मोहीम कोणीतरी जोरात चालवली आहे. चांगलंच आहे, पण अर्धे प्लास्टिकचे खोल टब ठेवतात आणि त्यात खारी बुडतात. उथळ मातीचं भांडं, आत दगड, सावलीत, आणि रोज घासून धुतलेलं. न धुतलेल्या पाण्यातून पारव्यांचा घशाचा रोग पसरतो, मग पारवे खाणाऱ्या शिक्र्यालाही तो लागतो. गेल्या आठवड्यात आलेल्या शिक्र्याच्या घशात पिवळी साय होती. तीच ती.

या महिन्यातले बहुतेक फोन पिल्लांचे, आणि त्यातल्या बहुतेकांना माझं उत्तर एकच : परत ठेवा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर असणं म्हणजे संकट नव्हे, ती त्याची शाळा. आई वरच्या फांदीवर चोचीत अळी धरून तुम्ही जाण्याची वाट बघत असते. उघडं, बिनपिसांचं असेल तर घरट्यात. घरटं पडलं असेल तर टोपलीला भोकं पाडून त्याच फांदीला बांधा आणि तास-दोन तास लांबून पाहा. तरी आज एकीने भारद्वाजाचं पिल्लू रिक्षाने पाठवलंच. सोबत दुधात भिजवलेलं बिस्किट. पक्ष्याला दूध पचत नाही, हे मी दिवसातून किती वेळा बोलते याचा हिशोब ठेवला नाही ते बरं. त्याच रिक्षाने पिल्लू परत, सोबत आमचा पोरगा. आईने तासाभरात भरवलं.

माझ्या मते निवाऱ्याचं सगळ्यात कामाचं उपकरण हा फोनच आहे. देणगीदारांना मात्र मोठा पिंजरा दाखवावा लागतो.

११ जून

रात्री वादळ, पहाटे एका हॉस्टेलच्या व्हरांड्यातून नवरंग आला. पावसाबरोबर येणारा हा पक्षी रात्री प्रवास करतो, दिव्याने भुलतो आणि काचेवर आपटतो. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, निळ्या खांद्याचा तो पाहून सगळ्यांना वाटलं कुणाचा तरी पाळीव परदेशी पक्षी सुटलाय. हाड शाबूत. खोक्यात चार तास, मग शेताच्या बांधाजवळच्या दाट झुडपात. निघाला आणि पालापाचोळा उकरायला लागला.

वादळात शेडनेटचा एक कोपरा फाटला. शिवायचं आहे.

२ जुलै

जप्तीतले पोपट आता लांबच्या बैठकीवरून उडत येतात, माणूस दिसला की ओरडून वर जातात. हेच हवं होतं. न्यायालयाचा सोडण्याचा आदेश आल्याचं वनपालांनी सांगितलं. एकदम नाही, खिडकी उघडी ठेवून. आत दाणे-फळं ठेवत राहायचं, ज्याला जमेल तो जाईल, ज्याला भूक लागेल तो परतेल. पहिल्या दिवशी बरेच गेले. पेरूच्या बागेतून तक्रार येणार हे नक्की, बागायतदाराला आधीच भेटून आले.

९ जुलै

जिनिंगच्या शेठचा फोन. घुबडांनी नव्या पेटीखाली सगळी घाण करून ठेवली, मशीनच्या पट्ट्यावर गोळ्या पडतात. मी ताडपत्री बांधायला माणूस पाठवते म्हटलं. ते म्हणाले ताडपत्री त्यांनीच बांधली आहे. फोन वेगळ्यासाठी : गोदाम नंबर दोनमध्ये उंदीर फार झालेत, तिथे पेटी लावली तर जोडी येईल का?

येईलच असं नाही म्हटलं, पण लावू. सुताराला माप दिलं : १२ मिमी प्लाय, दोन फूट लांब, दीड रुंद, दारापासून तळ दीड फूट खोल म्हणजे पिल्लं अवेळी बाहेर पडत नाहीत. तळाला निथळायला भोकं. आतून रंग नको. दार मशीनच्या उलट बाजूला. गुरुवारी न्यायची.